खोटेपणाची दोन मापे



१९४९ साली मेक्सिकोत ‘सलोन मेहिको’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक एमिलियो फर्नांडेस, नायिका मार्गा लोपेस. यातली मर्सेदेस रात्री नाचघरात गिऱ्हाइकांबरोबर नाचते आणि त्या पैशातून धाकट्या बहिणीच्या उच्चभ्रू शाळेची फी भरते. बहिणीला यातले काहीच ठाऊक नाही. दलाल पाको नृत्यस्पर्धेच्या बक्षिसातला तिचा वाटा देत नाही, तेव्हा तो झोपलेला असताना ती पैसे उचलते. शेवटी दोघेही जिवानिशी जातात.

असे चित्रपट मुलींना दाखवू नयेत, त्या दुहेरी आयुष्य जगायला शिकतील, असे आपल्यातल्या काही जणी म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही.

चोरी ती चोरी आणि हिंसा ती हिंसा. माया, म्हणजे कपट, चार कषायांपैकी एक आहे. मर्सेदेसला यातून सूट द्या असे मी म्हणत नाही. पण मग तेच माप सगळ्यांना लावा. मी कॉमर्स शिकले आहे, म्हणून हे डोळ्यांत खुपते. दुकानात पक्क्या बिलांची वही वेगळी आणि कच्च्या चिठ्ठ्यांची वेगळी, त्याला आपण ‘व्यवहार’ म्हणतो. मुलीने एक गोष्ट लपवली की ती मात्र घराण्याला कलंक!

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यात ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे खोटे लिखाण. त्याच यादीत ‘रहोभ्याख्यान’ही आहे, म्हणजे दुसऱ्याची एकांतातली गोष्ट चव्हाट्यावर आणणे. भिशीला बसून कुणाच्या मुलीची गोष्ट चघळताना आपण कोणते व्रत पाळत असतो?

चित्रपटात लुपे नावाचा साधा पोलीस शिपाई मर्सेदेसचे गुपित जाणतो. तो तोंड उघडत नाही, उलट तिच्याशी लग्न करायला तयार असतो. पाको मात्र तेच गुपित फोडायची धमकी देतो. बहिणीचे लग्न शाळेच्या मुख्याध्यापिकेच्याच मुलाशी ठरत असते, म्हणून त्या धमकीला धार येते. ‘लोकांना कळेल’ हे पाकोचे शस्त्र, आणि ते त्याच्या हातात लोकांनीच दिलेले.

आपल्या मुली पुण्या-मुंबईत एकट्या राहून नोकरी करतात. गेलेली नोकरी, मनाच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या, आवडलेला मुलगा, किती गोष्टी त्या घरी सांगत नाहीत! त्यांना खोटे आवडते म्हणून नव्हे. खरे सांगणाऱ्या मावसबहिणीचे काय झाले, ते त्यांनी पाहिलेले असते. लपवणारीला शाबासकी आणि सांगणारीला शिक्षा, असे घर मायेचीच पाठशाळा चालवते.

मुलींवर पहारा बसवून सत्य घरात येत नाही. ते ऐकून घ्यायची ताकद आधी आईने कमवायला हवी. आणि प्रतिक्रमणात अतिचारांची आलोचना करताना दुकानातली वही आणि भिशीतली जीभ, दोन्ही आठवा. मुलीचा हिशेब त्यानंतर मागा.