विश्लेषण : ‘पोर्ट’चा गोडवा द्राक्षाचा की साखरेचा?

गोव्याहून परतणाऱ्या पर्यटकाच्या पिशवीत काजूसोबत ‘पोर्ट वाइन’ची बाटली हमखास सापडते. लाल, गोड आणि स्वस्त. पण पोर्तुगालमधील मूळ पोर्टशी तिचे नाते अनेकदा नावापुरतेच असते.

गोडवा येतो कुठून?

मूळ पोर्ट उत्तर पोर्तुगालमधील डोरू नदीच्या खोऱ्यातली. तिथले द्राक्षक्षेत्र १७५६ मध्येच आखून दिले गेले. द्राक्षे चिरडली की यीस्ट रसातील साखरेचे अल्कोहोल करू लागते. साधारण निम्मी साखर शिल्लक असताना रस काढून घेतात आणि त्यात द्राक्षांपासूनच गाळलेले, ७७ टक्के अल्कोहोलचे स्पिरिट घालतात. ढोबळमानाने चार भाग रसाला एक भाग. यीस्ट मरते, साखर तशीच राहते. अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांवर जाते.

खरी कसोटी वेळेची. आंबण्याची ही क्रिया जेमतेम दोन-तीन दिवस चालते, तेवढ्यात सालीतला सगळा रंग आणि तुरटपणा रसात उतरला पाहिजे. त्यासाठी ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत माणसे रात्री उशिरापर्यंत द्राक्षे तुडवत. आज अनेक ठिकाणी हे काम पोलादी टाक्यांतले यांत्रिक ‘पाय’ करतात आणि टाकीचे तापमानही नियंत्रित असते. साखर किती उरली, हे मात्र अजूनही सतत मोजत राहावे लागते. उशीर झाला की गोडवा गेला.

मुरण्याने काय बदलते?

‘रूबी’ मोठ्या टाक्यांत दोन-तीन वर्षे राहते, म्हणून लाल आणि ताजी. ‘टॉनी’ साधारण ५५० लिटरच्या लाकडी पिंपांत मुरते. लाकडातून झिरपणाऱ्या हवेने तिचा रंग तपकिरी होतो, चव अक्रोडाकडे झुकते. लेबलवरचे ‘२० वर्षे’ म्हणजे एका हंगामाचे वय नव्हे, तर त्या वयाच्या धाटणीचे मिश्रण. ‘व्हिंटेज’ मात्र एकाच हंगामाची. ती दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात, पुढची दशके ती बाटलीतच मुरते.

मग गोव्यातल्या बाटलीचे काय?

ती वाईट आहे, असे अजिबात नाही. नाताळच्या टेबलावर तिची जागा पक्की आहे. आक्षेप नावाला आहे. वरून साखर घालून गोड केलेली, फारशी न मुरवलेली वाइन ‘पोर्ट’ म्हणून विकली, तर ग्राहक फसतोच. शिवाय उद्या कुणी गोव्यात खरोखर स्पिरिट घालून, पिंपात मुरवून वाइन केली, तर तिला वेगळी किंमत कशी मिळणार? युरोपीय संघाशी झालेल्या करारांनंतर दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातील उत्पादकांनी ‘पोर्ट’ शब्द सोडला. ‘केप रूबी’, ‘केप टॉनी’ ही नावे तिकडे रुळलीही. गोव्यालाही स्वतःचे नाव शोभून दिसेल. सोबत साखर वरून घातली का, किती काळ मुरवली, हे लेबलवर छापण्याची सक्ती हवी.

तोवर घेताना बाटली फिरवून मागचे लेबल वाचावे. आणि हाती खरी पोर्ट लागलीच, तर पेला लहान घ्यावा.