चार टक्के कुणी धरले?

रात्रीचे साडेअकरा. मी मॅगीचं पातेलं घेऊन खोलीत आले, तर रूममेट लॅपटॉपसमोर मांडी घालून बसलेली. चेहरा असा, की मला वाटलं ब्रेकअप झालाय! विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, एक दुकान लाल झालंय."

ही बाई एका रिटेल कंपनीत एमआयएसला आहे. एमआयएस म्हणजे तुमच्याही ऑफिसातली ती मंडळी, ज्यांच्याकडे बॉस संध्याकाळी सहा वाजता 'एक छोटासा रिपोर्ट' मागतो. तिच्या शीटमध्ये प्रत्येक दुकानाची एक ओळ. पुढच्या वर्षी नफ्यात जाणार असेल तर हिरवी, नाहीतर लाल. लाल दुकानांचं काय करायचं, ते सोमवारच्या मीटिंगमध्ये ठरणार.

"लाल तर लाल. तू काय करणार त्याला?"

तिने कर्सर एका सेलवर नेला. तिथे ४ होता. तो खोडून तिने ६ टाइप केला. एंटर. ओळ हिरवी! परत ४. परत लाल.

"चौदा माणसं आहेत त्या दुकानात," ती म्हणाली.

मॅगी गार झाली.

हिशेब तसा सोपा आहे. दुकानाची विक्री महिन्याला ३४ लाख. मालाची किंमत वजा जाता शंभर रुपयांमागे २० हातात राहतात, म्हणजे ६ लाख ८० हजार. भाडं, पगार, वीज वगैरे मिळून खर्च ७ लाख २० हजार. आजचा खड्डा ४० हजारांचा. आता खर्च तेवढाच धरला आणि पुढच्या वर्षी विक्री ४ टक्क्यांनी वाढली, तर तोटा उरतो दरमहा १२ हजार ८००. ओळ लाल. विक्री ६ टक्क्यांनी वाढली तर नफा ८०० रुपये. आठशे! आमच्या दोघींचा एका रविवारचा पिझ्झा. पण ओळ हिरवी.

मग हे ४ टक्के आले कुठून? तर बॉस फोनवर म्हणाला होता, "चार धर." तिने धरले. बास.

मला आपलं वाटायचं, डिसिजन सपोर्ट सिस्टिम म्हणजे भिंतभर स्क्रीन, लुकलुकणारे नकाशे आणि सुटाबुटातला सीईओ. तशाही असतात. पण बहुतेक ऑफिसांत ही सिस्टिम म्हणजे एक एक्सेल फाइल. तिच्या नावाच्या शेवटी 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल खरंच' असं लिहिलेलं असतं. (हसू नका, तुमच्याही डेस्कटॉपवर आहे ती!)

आणि याची सुरुवातही अशाच एका वैतागातून झाली. १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये एमबीए करत होता. वर्गात प्राध्यापक फळ्यावर कंपनीच्या हिशेबाचा मोठा तक्ता मांडायचे. एक आकडा बदलला, की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसा आणि पुन्हा लिहा. ब्रिकलिनच्या मनात आलं, फळ्याने स्वतःच पुसून स्वतःच लिहिलं तर? त्याने आणि बॉब फ्रँक्स्टनने मिळून व्हिजिकॅल्क बनवलं. १९७९ मध्ये ते ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी बाजारात आलं आणि निव्वळ त्याच्यासाठी लोक कॉम्प्युटर विकत घ्यायला लागले. १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आलं, १९८५ मध्ये एक्सेल. त्याआधी 'भाडं वाढलं तर काय होईल?' असं विचारायचं, तर मॅनेजरला कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या दारात उभं राहावं लागायचं. आता तो स्वतःच आकडा बदलून बघू शकत होता.

'डिसिजन सपोर्ट सिस्टिम' हे नाव मात्र त्याहून जुनं. १९७१ मध्ये अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन यांनी एका लेखात ते वापरलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की काही निर्णय साच्यातले असतात. गोदामातला साबण संपत आला, मागवा. ते मशीनवर सोडता येतात. काही निर्णयांना साचाच नसतो. आणि मधे असतात ते अर्धवट साच्यातले. त्यांतलं गणित मशीन करतं, पण उरलेलं माणसालाच ठरवावं लागतं. डिसिजन सपोर्टची खरी जागा ही मधली. पुढे १९७८ मध्ये पीटर कीन आणि स्कॉट मॉर्टन यांनी या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातही भर 'सपोर्ट' या शब्दावरच होता. सिस्टिमने मॅनेजरच्या विचाराला आधार द्यायचा, त्याची खुर्ची घ्यायची नाही.

पण खुर्ची सिस्टिमने घेतलीच नाही मुळी! मॅनेजरच उठून तिच्या मागे लपले. "मला काय आनंद होतोय का दुकान बंद करताना? पण आकडेच सांगतायत!" हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलंच असेल. आकड्यांच्या पोटात कुणाचा तरी 'चार धर' बसलेला असतो, तो तेवढा कुणी सांगत नाही.

एक्सेलमध्ये 'व्हॉट-इफ ॲनालिसिस' नावाचा मेनू आहे. त्यात 'डेटा टेबल' असतं. त्यात वाढ शून्यापासून बारा टक्क्यांपर्यंत टाका, प्रत्येक आकड्याचा निकाल समोरासमोर दिसतो. शेजारीच 'गोल सीक' असतं. तिथे उलटा कारभार. उत्तर तुम्ही आधी सांगायचं, मग एक्सेल त्या उत्तराला लागणारा आकडा शोधून देतं. कर्जाचा हप्ता वीस हजारांत बसवायला किती वर्षं लागतील, हे काढायला झकास! पण दुकान बंद करायचं आधीच ठरलं असेल, तर त्यासाठी किती टक्के वाढ 'धरावी' हेसुद्धा तितक्याच निमूटपणे सांगतं. बटणाचा काही दोष नाही. माझ्या मते निम्म्या ऑफिसांत व्हॉट-इफच्या नावाखाली गोल सीकच चालतं, आणि तेही बटण न दाबता, डोक्यातल्या डोक्यात.

मोठ्यांच्या घरी काही वेगळं नसतं. २०१२ मध्ये जेपी मॉर्गन या बँकेला लंडनमधल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून जास्त फटका बसला. २०१३ मध्ये बँकेचा स्वतःचाच अहवाल आला. जोखीम मोजणारं नवं मॉडेल एक्सेल शीट्सवर चालत होतं, आणि एका शीटमधले आकडे दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट केले जायचे! त्यात एका ठिकाणी जुन्या आणि नव्या दराच्या सरासरीने भागायचं, तिथे दोघांच्या बेरजेने भागलं गेलं. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे सरासरीच्या दुप्पट, त्यामुळे उत्तर निम्मं आलं आणि चढउतार होते त्याहून कमी दिसले. फटका काही त्या एकाच फॉर्म्युल्यामुळे बसला नाही, मूळ सौदेच अवाढव्य होते. पण जोखीम कमी दाखवणारं उत्तर आलं, की ते पुन्हा तपासावंसं कुणाला वाटतं?

आता तर शीटसुद्धा उघडायला नको. फाइल चॅटबॉटला द्यायची आणि विचारायचं, "कुठलं दुकान बंद करू?" तो ऐटीत तीन मुद्दे देतो. चार टक्के कुणी धरले, हे त्याला कुठून कळणार?

तर आमची खोली, रात्रीचा एक. मी म्हटलं, आधीच्या वर्षांची वाढ बघ की! तिने बघितली. ११ टक्के, ८ टक्के आणि गेल्या वर्षी एकदम २. सरासरी सात. मग शेवटच्या वर्षीच असं काय झालं? शीटमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. सकाळी तिने दुकानाच्या मॅनेजरला फोन लावला. ते काका म्हणाले, "मॅडम, पाच महिने दुकानासमोरचा रस्ता खोदलेला होता. गिऱ्हाईक येणार कुठून? उडत?" रस्ता दोन महिन्यांपूर्वी पूर्ण झाला होता. आणि हे काकांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारी तिने पहिल्या पानावरचे ४ तसेच ठेवले. दुसऱ्या पानावर शून्य ते बाराचं टेबल टाकलं, ५.९ टक्क्यांवर एक रेघ मारली, 'इथून वर नफा', आणि खाली रस्त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. बॉसने पान उलटलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मग तुझं मत काय?" तीन वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न तिला पहिल्यांदा आला. ती म्हणे इतकी गडबडली, की नुसतं "थांबू या" एवढंच म्हणाली.

दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं. पाठ वगैरे कुणी थोपटली नाही. उलट पुढच्या रिपोर्टला 'एवढी पानं नकोत' अशी मेल आली.

काल त्या दुकानाचा रस्ता झाल्यानंतरचा पहिला पूर्ण तिमाही आकडा आला. गेल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांपेक्षा वाढ ५.२ टक्के. म्हणजे रेघेच्या थोडी खालीच. मी पलंगावरून बघत होते. ती बराच वेळ स्क्रीनकडे पाहत बसली, मग सेलमध्ये ५.२ टाइप केलं, एंटर दाबलं आणि काकांना फोन लावायला गॅलरीत गेली.