पाहणे आणि पाहायला जाणे



या सदरात आम्ही वेळोवेळी आपल्या वाचनात व पाहण्यात आलेल्या गोष्टींविषयी चार शब्द लिहीत असतो. या खेपेस सांगावयाच्या गोष्टी तीन आहेत. आम्ही एक पुस्तक वाचले, एक चित्रपट पाहिला आणि जे पाहावयास नको होते असे एक दृश्यही पाहिले. तिसरी गोष्ट सांगताना आम्हांस संकोच वाटतो. म्हणून ती शेवटी सांगू.

पुस्तक होते लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना अक्षरओळख करून दिली ती त्यांच्या पतींनी, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी. त्यांच्या माहेरी सोवळ्याचा असा कडक अंमल होता की बाजारातून आलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नसे. पुढे 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. ते सुटले ते कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. एके दिवशी त्या एकट्याच विचार करीत बसल्या आणि जातिभेद देवाचा नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांचे त्यांनाच उमगले. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सारा प्रवास त्यांनी स्वतःच्या फजितीवर मनमोकळेपणाने हसत सांगितला आहे. तोवर त्यांना हातातला पाण्याचा गडू दिसे आणि गडू धरणाऱ्याची जात दिसे. माणूस तेवढा दिसत नसे. तो दिसू लागला तेव्हा त्यांचे सोवळे आपोआप गळून पडले.

चित्रपट होता ‘श्वास’. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा मराठी चित्रपट 2004 साली आला आणि त्यास राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’स 1954 साली तो मान मिळाल्यानंतर मराठी चित्रपटास तो पुन्हा लाभावयास पन्नास वर्षे जावी लागली. कोकणातील एक आजोबा आपल्या नातवास, परशुरामास, शहरातील डॉक्टरांकडे घेऊन येतात. मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, पण दृष्टी कायमची जाईल. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवास रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात. कारण एकच, मुलाने डोळे आहेत तोवर हे जग पाहून घ्यावे. इकडे डॉक्टर संतापतात, धावाधाव होते. परंतु आजोबांची चूक चूक असूनही आपले मन त्यांच्याच बाजूस राहते. डोळे ही किती मोलाची ठेव आहे, हे त्या म्हाताऱ्यास ठाऊक होते. आम्हांस ते ठाऊक होते काय?

आता तिसरी गोष्ट.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते, हे या भागातील वाचकांस सांगावयास नको. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. तो हस्तगत करण्यासाठी एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर काहींचे प्राणही गेले आहेत. आम्ही तेथे जात नाही, आणि जाऊ नये असे तिगावातील आपल्या मुलांनाही सांगत आलो आहोत.

परंतु गेल्या पोळ्यानंतर कोणीतरी गोटमारीची चित्रफीत आमच्या मोबाईलवर धाडली. त्यात एका तरुणाच्या कपाळावर दगड बसतो, तो दोन्ही हातांनी डोके धरून पाण्यात गुडघे टेकतो, आणि काठावरून आरोळी उठते. आम्ही ती चित्रफीत पाहिली. खरे सांगावयाचे तर दोनदा पाहिली. मग रात्रीचे जेवण केले आणि निजलो.

दुसऱ्या दिवशी तिगावातील एक माउली प्रार्थनेची विनंती घेऊन आली. तिच्या मुलाच्या कपाळास टाके पडले होते. बोलता बोलता ती म्हणाली, “माह्या पोराले पडताना सारे मोबाईलवर पाहून रायले. तुम्हालेबी आला का जी फादर, तो व्हिडिओ?”

ज्या मुलाचे नाव आम्हांस ठाऊक, ज्याच्या घरी आम्ही जेवलो, त्यास आम्ही दोनदा पाहिले आणि ओळखले नाही! त्या क्षणी आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. “प्रार्थना करू” एवढेच बोलून आम्ही तिला निरोप दिला. आजवर आम्ही प्रवचनांतून जो दोष लोकांच्या पदरी घालीत आलो, तो आमच्याच घरात निघाला. नदीच्या काठावर आम्ही गेलो नव्हतो हे खरे. पण आरोळी देणाऱ्या गर्दीत उभे राहण्यास आता काठावर जावे लागत नाही.

दोन दिवस ही गोष्ट मनास डाचत राहिली. तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी जाऊन खरे ते सांगितले आणि क्षमा मागितली. ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “पाहिला त पाहिला जी. आता आले त त्यालेबी पाहून जा. आतमंधी निजला हाये.”

वाचकहो, आपल्या भाषेत दुखणाइताला ‘पाहायला जाणे’ असे म्हणतात. किती वर्षे आपण हा शब्द बोलत आलो! नुसते पाहणे आणि पाहायला जाणे यांत जे अंतर आहे, ते त्या माउलीने आम्हांस एका वाक्यात शिकविले.

मोबाईल वाईट, चित्रपट वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ‘श्वास’ही आम्ही मोबाईलवरच पाहिला. आमची विनंती एवढीच की, कोणाच्या दुःखाचे दृश्य समोर आले तर ते पुढे धाडण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि हे कोणाचे लेकरू आहे, असे मनाशी विचारावे. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून एखादे चांगले पुस्तक वाचावे किंवा चित्रपट पाहावा व मुलांनाही हाच प्रश्न घालावा.

त्या मुलाचे टाके आता निघाले आहेत. येत्या पोळ्यास तो नदीवर जाणार नाही, असे त्याने आईस सांगितले आहे. तो आपला शब्द पाळील की नाही, ते तो दिवस सांगेल. आम्ही मात्र त्या दिवशी सकाळीच त्याच्या घरी जाऊन बसणार आहोत.