पगारी कुटुंब

भुसावळ असो की खडगपूर, रेल्वे कॉलनीत नाही तर पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये मुलगा संगणक कंपनीत लागला म्हणजे पेढे वाटले जातात. बापाची छाती फुगते, आणि ती फुगावीच. तिथे म्हणे जेवण फुकट, खेळायला टेबले, साहेबाला नुसत्या नावाने हाक मारायची; नोकर कुणीच नाही, सगळे एक 'कुटुंब'. आम्ही जन्मभर साहेबाला साहेब म्हणत आलो आणि डबा घरून नेत आलो. थोडी असूया वाटली, हे कबूल केले पाहिजे.

मग २० जानेवारी २०२३ उजाडला. गूगलची मालक कंपनी अल्फाबेटने जगभरातून सुमारे १२,००० माणसे कमी करीत असल्याचे जाहीर केले. अमेरिकेत कित्येकांना ते ई-मेलने कळले, काहींना संगणक उघडेना तेव्हा. पंधरा-सोळा वर्षे नोकरी झालेलेही त्यात होते. मुख्याधिकारी सुंदर पिचाई यांनी या परिस्थितीची संपूर्ण जबाबदारी आपली असल्याचे लिहिले. जबाबदारी त्यांनी घेतली, नोकऱ्या इतरांच्या गेल्या.

पोस्टात एखाद्या सॉर्टरला बडतर्फ करायचे तर नियम १४ ची चार्जशीट लागते, रेल्वेत नियम ९ ची. आरोप लेखी द्यावे लागतात, चौकशी अधिकारी नेमावा लागतो, कर्मचाऱ्याच्या बाजूने बोलायला त्याचा माणूस बसतो, वर अपील. चौकशा वर्षानुवर्षे रेंगाळतात ही आमची तक्रार कायम आहे. कुणी म्हणेल, हा शिक्षेचा मामला, तो कपातीचा. खरे आहे. तिथे तर कुणाचा गुन्हाही नव्हता.

त्या कुटुंबात सावत्रही आहेत. गूगलमध्ये कायम नोकराचे ओळखपत्र पांढरे, कंत्राटी माणसाचे लाल. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१९ साली छापलेल्या आकड्यांप्रमाणे कायम १,०२,००० आणि हंगामी व कंत्राटी १,२१,०००. आमचे ग्रामीण डाक सेवक आणि गाड्या धुणारे कंत्राटी कामगार यांना हा लाल रंग सांगावा लागणार नाही.

आपल्याकडेही २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२,००० जणांची कपात जाहीर केली. त्याआधी, २०२३ मध्ये, इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला होता. हा सल्ला लोको रनिंगच्या मंडळींना ऐकवू नये. त्यांनी दहा तासांच्या ड्यूटीचे वचन १९७३ च्या संपात मिळवले, आणि ते पाळून घेण्यासाठी पुढेही भांडत राहिले.

गूगलच्या लोकांनी २०२१ च्या जानेवारीत युनियन काढली, ती अमेरिकेतील टेलिफोन कामगारांच्या जुन्या संघटनेचा हात धरून. लाल ओळखपत्रवाल्यांनाही तीत सभासद करून घेतात. तारयंत्र आणि टेलिफोनवाल्यांबरोबर एका खात्यात दिवस काढलेल्या आमच्या जुन्या टपालबांधवांना याचे अप्रूप वाटेल.

दिवाळीला मुलगा घरी आला की फराळाच्या ताटावर त्याला एवढे विचारा: तुझ्या नेमणूकपत्रात नोटीस किती दिवसांची लिहिली आहे, आणि ते पत्र तू शेवटपर्यंत वाचले आहेस का?