नेहमीच्या डब्यातली पत

लोकलच्या ग्रुपात भिशी चालते. दर महिन्याला ठरलेली रक्कम गोळा होते, चिठ्ठी निघते आणि नोटांचं पुडकं कुर्ला येण्याआधी एकाच्या बॅगेत जातं. पावती नाही, जामीनदार नाही. पुष्कळदा पैसे देणाऱ्याला घेणाऱ्याचं आडनावही नीट ठाऊक नसतं. ठाऊक असतं ते एवढंच, की हा माणूस कल्याणला चढतो, दादरला उतरतो आणि उद्या सकाळी याच डब्यात असणार आहे.

तेवढं पुरतं. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं: पुन्हा गाठ पडणार हे पक्कं असलं, की स्वार्थी माणसंही सहकार्य करू लागतात. डोंबिवलीकराला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. भिशी बुडवणाऱ्याला नुसतं तोंड लपवून भागत नाही, गाडी बदलावी लागते. आणि सकाळच्या वेळी दुसऱ्या गाडीत नव्यानं जागा मिळवणं ही शिक्षा साधी नव्हे.

स्टॅन्ली मिलग्रम यांनी १९७२ साली न्यूयॉर्कच्या उपनगरी प्रवाशांबद्दल लिहिलं होतं. रोज एकाच फलाटावर उभी राहणारी ही माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखत, पण वर्षानुवर्षं बोलत नसत. इकडे ते जमणं कठीण. तिघांच्या बाकावर चौघं बसतात, आणि चौथ्या सीटवर अर्धं अंग अधांतरी ठेवून बसलेल्याशी अबोला किती दिवस धरणार? महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते, जानेवारीत हळदीकुंकू होतं. दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरणं लागतात, पूजा होते. कुणी चार दिवस दिसलं नाही, तर फोन जातो.

पण रोजच्या सहवासातून नेहमी विश्वासच उपजतो असं नाही. रेल्वेचा अनुभवही याच प्रवाशांना रोज येतो, आणि त्यातून साचतो तो संताप. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्या खोळंबल्या आणि दिवा स्थानकात तो फुटला. लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली. उद्घोषणेवर विश्वास ठेवायचा नाही, हे प्रवासी अनुभवातूनच शिकले होते.

ग्रुपांचीही एक बाजू कौतुकाची नाही. आतल्यांना जपणारी ही मंडळी दारात भिंत होऊन उभी राहतात. कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या जलद गाडीत दिव्याच्या माणसाला शिरता येत नाही. आतून जागा सरकवण्याची तसदी कुणी घेत नाही, कारण तो ‘आपला’ नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर बिगरवातानुकूलित लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा झाली. त्या अपघाताचं खापर ग्रुपांवर फोडणं अन्यायाचं ठरेल. गर्दी त्यांनी निर्माण केलेली नाही. मात्र गाड्या कमी आणि माणसं जास्त असली, की ओळखीचा फायदा ओळखीच्यांपुरताच राहतो.

दिव्याहून थेट सीएसएमटीसाठी लोकल सुटावी, ही तिथल्या प्रवाशांची जुनी मागणी आहे. तिच्यावर बोलताना रेल्वे मार्गिका आणि वेळापत्रकाची अडचण सांगेल, आणि ती खोटी नसेल. तरीही अशी गाडी रोज ठरल्या वेळी सुटली, तर दिवेकरांना बसायला जागा मिळेल आणि वर्षभरात तिथेही एखादी भिशी सुरू होईल.