अक्षता आणि हौद

गेल्या वैशाखांत आमच्या पुतणीचें लग्न पुण्यास झालें. दापोलीच्या मावशींचें वय छ्याऐंशी. त्यांना प्रवास झेपेना. म्हणून समारंभाचें चित्रण त्यांस इंटरनेटवरून दाखवावें असें ठरलें, आणि फाइल तयार करण्याचें काम आम्हीं हौसेनें पत्करिलें. मावशींच्या घरीं सेकंदास ४ मेगाबिट पोंचतात. आमच्या फाइलीची सरासरी ३ भरली. आम्ही निश्चिंत! सीमांतपूजन उत्तम दिसलें; पण "सावधान" होऊन अंतरपाट दूर झाला मात्र, चित्र जागच्या जागीं थबकलें. "अरे, माळ घातलेली मला दिसलीच नाहीं," असें मावशी म्हणाल्या, तें मनास फार लागलें.

दोष आमच्याच हिशेबांत होता. अशा फाइलींत एका चित्रापासून दुसऱ्यांत जें बदलतें तेंच मुख्यतः लिहिलें जातें. भटजी स्थिर बसले असतां लिहिण्यासारखें थोडेंच. पण शेंकडों अक्षता एकदम उडाल्या कीं दाणा न् दाणा निराळ्या दिशेस जातो, आणि मागील चित्रावरून पुढील चित्राचें अनुमान चालत नाहीं. एक्स२६४ या एन्कोडरास आम्हीं केवळ गुणवत्तेचा, सीआरएफ नांवाचा, आंकडा दिला होता. ती गुणवत्ता राखण्यासाठीं त्यानें त्या क्षणीं लागतील तितके बिट खर्चिले. सरासरीस त्याचा पत्ताहि नव्हता.

कमाल दर बांधावयास आंकडे दोन लागतात. 'मॅक्सरेट' हा नळ, 'बफसाइझ' हा हौद. नळानें हौद भरत राहतो, आणि प्रत्येक चित्र त्यांतून आपलें पाणी उपसून नेतें. पहिला आंकडा देऊन दुसरा विसरल्यास एक्स२६४ एका ओळीची सूचना छापतो व पहिल्याकडेहि दुर्लक्ष करितो. दुसऱ्या खेपेस आम्हीं हीच चूक केली! ध्वनीसाठीं जागा राखून नळ ३.५ व हौद ७ मेगाबिटांचा धरला, म्हणजे भरलेला हौद क्षणभराची गर्दी सोसतो. ती लांबली तर एन्कोडर चित्राची सफाई कमी करितो, पण मर्यादा मोडीत नाहीं. हौद फार मोठा घ्यावा, तर तो भरेपर्यंत पाहणारा आरंभींच ताटकळतो. डीव्हीडीच्या प्रमाणांत दोन्ही ठरलेलेंच आहे: चित्राचा दर सेकंदास अधिकांत अधिक ९.८ मेगाबिट, आणि हौद दोन मेगाबिटांहूनहि लहान.

तिसऱ्या खेपेस अक्षता किंचित् धुरकट दिसल्या. माळ मात्र मावशींनीं पाहिली. मागें नेववून पुन्हां एकदां पाहिली.