व्याजदर उतरतो, पण कोणासाठी?

रिझर्व्ह बँकेने व्याजदर पाव टक्क्याने उतरविला की मुंबईच्या शेअर बाजारात उत्साह संचारतो. हिंगोलीच्या मोंढ्यात हळद घेऊन आलेल्या अल्पभूधारकाला मात्र त्याचे सोयरसुतक नसते. दोष त्याच्या अज्ञानाचा नाही. त्याच्या सावकाराचा दर पतधोरण समिती ठरवीत नाही.

चलन आणि सत्ता यांचे नाते मराठवाड्याला नव्याने सांगावयास नको. निजामी राजवटीत येथे हाली सिक्का चालत असे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आमच्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ होता. १९५९ मध्ये हाली सिक्का कायमचा बाद झाला आणि रिझर्व्ह बँकेचे चलन तेवढे उरले.

ही बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली ती खाजगी भागधारकांच्या मालकीची म्हणून. १ जानेवारी १९४९ रोजी ती राष्ट्राच्या मालकीची झाली. तथापि, १९३४ च्या मूळ कायद्यातच शेतीकर्जासाठी स्वतंत्र विभाग स्थापण्याचे बंधन तिच्यावर होते. शेतीच्या पतपुरवठ्याची जबाबदारी परकी राज्यकर्त्यांनाही टाळता आली नव्हती. पुढे बँकेच्याच पुढाकाराने झालेल्या १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीने भीषण वास्तव उघड केले: शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के! गोरवाला समितीच्या या अहवालातूनच १९५५ ची स्टेट बँक जन्मली.

१९८२ मध्ये शेतीकर्जाचे हे काम नाबार्डकडे गेले. २०१६ च्या दुरुस्तीने भावस्थैर्य हे पतधोरणाचे प्रमुख उद्दिष्ट ठरले. महागाई मजुराचेच कंबरडे प्रथम मोडते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु तूर-सोयाबीनचे भाव कोसळले म्हणजेही महागाईचा आकडा उतरतो. मोंढ्यातील आपत्ती अशा रीतीने मुंबईत यश म्हणून नोंदली जाते.

महागाईचे उद्दिष्ट सलग तीन तिमाही हुकले तर बँकेला सरकारकडे लेखी कारणे द्यावी लागतात. मग एखाद्या जिल्ह्यातील लहान शेतकरी वर्षानुवर्षे सावकाराच्या दारी उभा राहतो, तेव्हा तशीच लेखी कारणे का मागू नयेत? जिल्हावार पतपुरवठ्याचा असा जाब दरवर्षी संसदेपुढे ठेवण्याचे बंधन कायद्यात आले पाहिजे. बँक राष्ट्राच्या मालकीची असेल, तर हिंगोलीचा शेतकरीही तिचा मालक आहे. आणि मालकाला हिशेब मागण्याचा अधिकार असतो.